चतुराबाईची हाक

जऊळक्याच्या ठेसनापासून दोन कोसांवर, काळ्या रानात, एक गाव होतं. त्या गावात कोंबड्याच्या आधी चतुराबाई उठायची. तिची चाहूल लागली की मग कोंबडे आरवतात, असं लोक म्हणायचे. थट्टाच ती, पण तिच्या तोंडावर करायची कोणाची छाती नव्हती. बाई अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. साठीला आली तरी एक दात पडला नव्हता, आणि बोलताना ती ते सगळेच्या सगळे वापरायची.

हे उठण्याचं वेड तिच्या अंगात कुठून शिरलं तेही ऐकून ठेवा. नुसती कजाग म्हणून तिला सोडून दिली तर ते खरं होणार नाही. ती एकोणीस वर्षांची असताना सासरी तिघा भावांच्या वाटण्या झाल्या. थंडीचे दिवस होते. पंच उजाडता उजाडता पारावर जमले, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चतुराबाईचा नवरा मारोतराव घरी वाकळ ओढून घोरत पडलेला. त्याच्या वाट्याची चिठ्ठी थोरल्या भावानं उचलली. मारोतराव डोळे चोळत पारावर पोचला तोवर नदीकाठची काळी जमीन दोघा भावांत गेली होती, आणि त्याच्या पदरात टेकडीखालचं बरड पडलं होतं. तिथं कुसळसुद्धा उगवायचा कंटाळा करायचं. भाऊ म्हणाले, ज्याचं त्याचं नशीब. चतुराबाईला त्यात नशीब कुठं दिसलं नाही, तिला ती वाकळ दिसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नवऱ्याला उजेडात झोपू दिलं नाही.

बारा वर्षं दोघांनी शुक्राच्या चांदणीच्या उजेडात त्या बरडातले धोंडे वेचले, बांध घातले, विहीर खणली. बरडाचं वावर झालं आणि वावरात कपाशी डोलायला लागली. ज्या भावांनी हसून घेतलं होतं त्यांच्या घरी पुढं चतुराबाईच्या शेतातली ज्वारी गेली. म्हणजे लवकर उठण्यानं घर वर आलं, हे काही खोटं नाही. पण माणसाला एकदा एक मात्रा लागू पडली की तो तीच सगळ्या रोगांवर उगाळत बसतो. मारोतराव पटकीच्या साथीत गेला. मागं राहिला एकुलता एक मुलगा, रामराव. मग ती सगळी मात्रा त्या एकट्याच्या वाट्याला आली.

तिची उठवायची रीतही बघण्यासारखी होती. अंगाला हात लावून, नाव घेऊन हलवणं वगैरे लाड नाहीत. दाराला आतून जो लाकडी अडसर असायचा तो ती काढायची आणि पोराच्या उशापाशी, दगडी उंबऱ्यावर, धाडकन आदळायची. वर हाक: "उठ रे! सूर्य काय तुह्या बापाचा नोकर हाय?" रामराव पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे चाललं होतं. तो छत्तीस वर्षांचा झाला, बाप झाला, कानशिलावर केस पांढरे झाले, तरी अडसर काही थांबला नाही.

रामरावाची बायको प्रयागबाई मानोऱ्याकडची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, आणि पहिल्याच पहाटे तो आवाज ऐकून तिला वाटलं घर कोसळलं. पुढं तिला सवय झाली. नवऱ्याला मात्र झाली नाही, आणि हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं, कारण त्याच्या शेजारी निजणारी ती एकटीच. अडसर पडायच्या कितीतरी आधी, अंधारातच, रामरावाचं अंग ताठ व्हायचं. श्वास आखूड व्हायचा. तिनं छातीवर हात ठेवला तर आत नुसती पळापळ चाललेली असायची. माणूस झोपलेला आणि काळीज मात्र उठून दाराकडं कान लावून बसलेलं. मग अडसर पडायचा आणि तो दचकून उभा राहायचा, रोज, जसं काही आज पहिल्यांदाच ऐकलं.

चौतिशी-पस्तिशीपासून त्याला पहाटे छातीत दुखायला लागलं. गोठ्यात बैलांना वैरण टाकताना दगड ठेवल्यासारखी छाती दाबायची, डावा हात मुंग्या येऊन जड व्हायचा, पौषातल्या थंडीत कपाळावर घाम यायचा. थोडा वेळ खांबाला टेकून उभा राहिला की ओसरायचं. दिवस कासराभर वर आला की पुसून टाकल्यासारखं नाहीसं व्हायचं. दुपारी हाच माणूस कपाशीची गाठोडी पाठीवर टाकून बांधावरून उड्या मारत जायचा.

आता हे कोणाला पटावं? चतुराबाईला तर मुळीच नाही. ती चारचौघांत म्हणायची, माहा पोरगा दुपारी बैलावानी अन् पहाटे बाळंतिणीवानी. लोक हसायचे. रामरावही हसायचा, तोंड दुसरीकडं करून. प्रयागला त्या हसण्याचा राग यायचा, सगळ्यात जास्त नवऱ्याचा, की एवढा थोराड माणूस आणि आईपुढं तोंडातून एक शब्द काढत नाही. पण तिनं तरी कधी काढला होता? सासूपुढं नवऱ्याची बाजू घेणं म्हणजे त्या काळी निर्लज्जपणाच. ती चुलीत फुंकर मारायची आणि धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणायची.

सत्तेचाळीसच्या स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी, एका थंडीत, रामराव गोठ्यातच पडला. ओठ निळे झाले होते. शुद्धीवर आला, पण या वेळी दिवस वर येऊनही दुखणं पुरतं गेलं नाही. मग मात्र चतुराबाई घाबरली. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं ते प्रेमातूनच झालं: त्या बाईला जगात या पोराशिवाय दुसरं काही नव्हतं. तिनं स्वतः बैलगाडी जुंपायला लावली, जऊळक्याला छोटी आगगाडी पकडली आणि त्याला वाशिमला घेऊन गेली. प्रयाग मागं डोईवर पदर ओढून, नऊ वर्षांच्या लेकीला, गोमीला, काखेशी धरून.

वाशिमला नागपुराहून शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं दुपारी रामरावाला तपासलं तर विशेष काही सापडलं नाही. चतुराबाईच्या चेहऱ्यावर लगेच, मी म्हणत नव्हते का, असं आलं. पण तो पोरगा हुशार. त्यानं विचारलं, दुखतं कधी? आणि पहाटे म्हटल्यावर रामरावाला दवाखान्याच्या पडवीत ठेवून घेतलं. स्वतः पहाटे कंदील घेऊन आला, झोपलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला, रक्ताचा दाब मोजला, नाडी मोजली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कोणाच्या तरी हातून तांब्या पडला. रामराव ताडकन उठून बसला आणि म्हणाला, उठलो माय. डॉक्टरनं पुन्हा नाडी धरली आणि ठोके मोजले.

सकाळी त्यानं चतुराबाईला समोर बसवलं. प्रयाग दाराआड बसली होती, पण तिच्या कानातून एकही शब्द सुटला नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, माणसाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या गाठी असतात. त्यांच्यातून एक रस रक्तात उतरतो. रात्री तो अगदी थोडा असतो, पहाटे उजाडायच्या आधी आपोआप चढतो, माणसाला उठायचं बळ देतो, आणि दिवस वर आला की ओसरतो. हे तुम्हाआम्हा सगळ्यांचंच आहे. पण भ्यालेल्या माणसात तो अवेळी उसळतो, आणि त्याच्याबरोबर काळजावरचा ताणही. तुमचा मुलगा तीस वर्षं रोज पहाटे भितोय. चढत्या पाण्यात वरून धोंडा टाकल्यासारखं होतंय. यातलं सगळं पुस्तकांत अजून लिहिलेलं नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला उठवू नका. त्याची झोप पुरी होऊ द्या, आपसूक जाग येऊ द्या. एवढं केलंत तर तो जगेल."

गोळ्या दिल्या, वंगाळ खाऊ नको म्हणाला, विडी सोड म्हणाला. चतुराबाईनं सगळं मान डोलावून ऐकलं. परतीच्या गाडीत मात्र ती कपाळाला आठी घालून खिडकीबाहेर बघत होती. प्रयागला वाटलं, देव पावला, म्हातारीच्या डोक्यात उजेड पडला. उजेड पडला होता खरा, पण भलताच.

चतुराबाईचं माहेर रिसोडकडचं, पैनगंगेच्या अंगाचं. तिथल्या माणसाला पूर कळतो. पाणी पहाटे चढणार हे ठाऊक असेल तर शहाणा माणूस गुरं कधी काढतो? पाणी चढायच्या आधी. पाणी गोठ्यात शिरल्यावर दावी सोडत बसतो तो मूर्ख. बस, हिशेब जुळला. रस पहाटे चढतो ना? झोपलेला माणूस त्यात सापडतो ना? मग रस चढायच्या आतच पोराला झोपेतून बाहेर काढायचा. इतके दिवस आपण चांदणी वर आल्यावर उठवत होतो, उशीर करत होतो, तिथंच चुकलं. डॉक्टर शिकलेला असला तरी पोर आहे, त्याला रोग सापडला, उपाय सापडला नाही.

आणि त्या दिवसापासून अडसर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी पडायला लागला. गाव साखरझोपेत, कुत्रीसुद्धा अंग मुडपून पडलेली, आणि या घरात दगडावर लाकूड.

प्रयागनं एकदा, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड उघडलं. चुलीपाशी खाली बघत म्हणाली की डाक्तर झोपू द्या म्हणत होते. म्हातारीनं तिच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तू डाक्तरीन झाली काय व, एवढंच म्हणाली. शेजारच्या मनकर्णाबाईला मात्र हा उपाय फार पसंत पडला. विहिरीवर सगळ्या बायांत तिनं चतुराबाईची वाखाणणी केली, की शिकल्यासवरल्याला सुचलं नाही ते बुढीले सुचलं. चतुराबाईला भारी गोड वाटलं असणार. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, दुसरं काय.

एक वर्ष असं गेलं. रामराव वाळून पऱ्हाटीच्या काडीसारखा झाला. रात्री निजायचा तोच मुळी धास्तीनं, की आता हाक येईल, मग येईल. वखरामागं चालताना उभ्यानं डुलक्या घ्यायचा, बैल तास सोडून भलतीकडं जायचे. गोमी शेतात भाकर घेऊन गेली की तो तिला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसायचा आणि दोन घास खाऊन बसल्या बसल्याच झोपायचा. पोर हलायची नाही. तिच्या पायाला मुंग्या यायच्या तरी हलायची नाही, बाबा जागे होतील म्हणून.

एकदा अशाच दुपारी प्रयाग तिथं पोचली. रामराव जागा झाला, तिच्याकडं बघून ओशाळला आणि म्हणाला, "मले काई नाई पायजे, प्रयाग. फक्त एक रोज उजेड होईलोक झोपाचं हाय. एकच रोज."

बायकोचं नाव त्यानं तसं कधी घेतलं नव्हतं. तो एक रोज आपण त्याला द्यायचाच, असं तिनं तिथं, बांधावर, ठरवलं.

संधी आली ती पौषात. रिसोडला चतुराबाईचा भाऊ वारला, दहाव्याला जाणं भाग होतं. जाऊन-येऊन तीन मुक्काम. पोराला सोडून ती इतके दिवस कधीच कुठं राहिली नव्हती. सोमलानं गाडी जुंपून दारात आणली. हा सोमला तांड्यावरचा, मजुरीनं गाडी हाकायचा. तो ताटकळत उभा राहिला तरी म्हातारी निघेना. शेवटी तिनं सुनेला हाक मारली, गोमीला पुढं उभी केली आणि म्हणाली, "हिच्या डोक्शावर हात ठेव. म्हण, तिसऱ्या पहरी उठवीन."

पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे काय, हे त्या मुलखातल्या बाईला सांगावं लागत नाही. चोर चोरी कबूल करतो, पण अशी शपथ खोटी घेत नाही. अंगणात सोमला बघत होता, मनकर्णाबाई कुडावरून बघत होती. तिनं हात ठेवला. उठवीन म्हणाली. गाडी निघून गेली आणि ती किती तरी वेळ पोरीचं डोकं कुरवाळत राहिली, जसं काही तिथून काही पुसायचं होतं.

पहिल्या पहाटे तिनं उठवलं नाही, पण रामराव आपणच उठला. हाक आली नाही म्हणून जास्तच घाबरा झाला आणि गोठ्यात जाऊन बसला. दुसऱ्या पहाटे तिनं दंड धरून त्याला परत निजवला. तो डोळे सताड उघडे ठेवून आढ्याकडं बघत पडून राहिला. तीस वर्षांची खोड काय दोन दिवसांत सुटते?

तेव्हा तिसऱ्या रात्रीसाठी तिनं सगळी तयारी केली. संध्याकाळीच बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा सोडून ठेवल्या. कोंबडा डालग्यात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन दिला. मनकर्णाबाईच्या पाया पडून सांगितलं की उद्या दिवस निघेपर्यंत जातं लावू नका. ती हसली, नवऱ्याचे भलतेच लाड चालले म्हणाली, पण कबूल झाली. झरोक्याला प्रयागनं घोंगडी टांगली, दाराच्या फटींत गोणपाट कोंबलं. अडसर तर तिनं उचलून बाहेर कडब्याच्या गंजीत खुपसला. मग नवऱ्याला ऊन दूध-भाकर खाऊ घातली, कोमट तेलानं तळपाय चोळले, आणि कितीतरी वर्षांनी तो बोलता बोलता झोपला.

तिसऱ्या प्रहरी ती जागीच होती. तो कुशीवर वळला, आत कुठंतरी कण्हला. तिनं छातीवर हात ठेवला. आता उठतो की काय म्हणून तिचाच जीव टांगणीला लागला. पण हळूहळू ती आतली पळापळ मंदावली. श्वास लांब झाला. चांदणी वर आली असेल, फिकी पडली असेल, बाहेर झुंजुमुंजू झालं असेल, आणि तो लहान लेकरासारखा तोंड उघडं टाकून झोपलेला. प्रयाग अंधारात बसून हसत होती. आयुष्यात एवढं सुख तिला लग्नातसुद्धा झालं नव्हतं. शपथ मोडली होती, पण तिला वाटलं, देवाला डोळे आहेत, त्याला दिसतंय.

दिवस चांगला वर आला तेव्हा ती हलक्या पावलानं उठली, त्याच्या वाटची वैरण टाकायला गोठ्यात गेली. दार अलगद लोटून घेतलं. बैलांपुढं कडबा टाकत होती तोच घरातून धडपडण्याचा आवाज आला.

काय झालं ते तिला नंतर जोडून कळलं. रामराव आपसूक जागा झाला होता, डॉक्टरनं सांगितलं होतं तसाच. खोलीत मिट्ट काळोख, म्हणून त्याला वाटलं रात्रच आहे. मग घोंगडीच्या एका भोकातून उन्हाची काडी त्याच्या अंथरुणावर पडलेली दिसली. त्यानं उठून घोंगडी ओढली आणि तोंडावर लखलखीत सूर्य आला. तीस वर्षांत त्यानं अंथरुणावरून सूर्य पाहिला नव्हता. तो अनवाणी दाराकडं धावला. प्रयाग गोठ्याच्या तोंडाशी आली तेव्हा तो उंबऱ्यावर उभा होता, पांढराफटक, एक हात छातीवर, आणि दुसरा हात दाराच्या कोनाड्यात अडसर चाचपत.

"उजाडलं," तो म्हणाला. "मायनं हाक नाई मारली?"

ती ओरडली की माय रिसोडले हाय, तुमी निजा, काई झालं नाई. ते त्याच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. तो उंबऱ्यावरच गुडघ्यांवर बसला आणि पुढं वाकला. ती धावत आली तेव्हा छातीत काहीच नव्हतं. ना पळापळ, ना काही.

चतुराबाई दुपारी परतली. अंगणात गर्दी पाहून तिनं चालत्या गाडीतून उडी टाकली. रडली नाही. प्रेताजवळ बसून तिनं एकच विचारलं, कधी उठवला? प्रयागच्या आधी मनकर्णाबाईनंच तोंडाला पदर लावून सगळं सांगितलं: जातं लावू नका म्हणत होती, कोंबडा नेऊन देला, बैलाच्या माळा सोडल्या. सोमला खाली बघत म्हणाला, शपथ तर माह्या समोर घेतली होती. कोणीतरी गंजीतून अडसर शोधून आणला आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवला. एखाद्या खुन्याची कुऱ्हाड सापडावी तसे सगळे त्या लाकडाकडं बघत राहिले.

"वर्षभर मी त्याले पुराच्या आधी काढला," चतुराबाई म्हणाली. "तीन रोज घर सोडलं, अन् हिनं बुडवला."

सरळ दिसत होतं. उठवला तोवर जगला, झोपू दिला आणि मेला. आंधळ्यालाही कळावं.

प्रयागला एकच आशा उरली होती, डॉक्टर. तिनं भावाला वाशिमला पाठवून निरोप दिला, आणि तो भला माणूस खरंच आला, तेराव्याच्या आदल्या दिवशी, जऊळक्याहून दोन कोस पायी. अंगणात सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं की या बाईनं मी म्हणालो तेच केलं, दोष असेल तर तीस वर्षांच्या भीतीचा आहे, एका सकाळच्या झोपेचा नाही. हा उपाय आधी, वेळेवर व्हायला हवा होता. लोकांनी शांतपणे ऐकलं. त्याला चहा दिला, पानसुपारी दिली. मग चतुराबाईनं हात जोडून त्याला विचारलं, "तुमी झोपू द्या म्हणलं, हिनं झोपू देलं, अन् माहा लेक मेला. यातलं कोणतं खोटं हाय, सांगा."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तो गाडीची वेळ झाली म्हणून उठला. त्याची पाठ वळताच पारावर ठरून गेलं की दोघांनी मिळून मारला, डाक्तरानं सांगून आणि बायकोनं करून. वाशिमच्या त्या दवाखान्यात त्या गावचं माणूस पुन्हा गेलं नाही.

हेही प्रयागनं सोसलं असतं. माणूस काय काय सोसत नाही? पण महिनाभरानं एका रात्री, तिसऱ्या प्रहरी, अडसर पडला. प्रयाग धडपडत उठली. म्हातारी गोमीच्या उशाशी उभी होती आणि पोर भिंतीला चिकटून थरथरत होती. बापाचं रक्त हाय, चतुराबाई म्हणाली, हिच्यातही तो रस चढन. प्रयाग वाघिणीसारखी मधे आली. त्या घरात तिनं पहिल्यांदाच आवाज चढवला: "माह्या पोरीले हात लावाचा नाई."

म्हातारी चिडली नाही. तिच्या आवाजात दया होती, आणि तीच जास्त वाईट. "शपथ कोणाच्या डोक्शावर मोडली तू?" ती म्हणाली. "बापाले घेऊन गेली ते. आता हिच्यावर येईन, तवा तूच सांग का करू."

प्रयागचे हात खाली आले. तिला डॉक्टरचा शब्द न् शब्द पाठ होता. नवऱ्याचा शेवटचा प्रश्नही तिनंच कानांनी ऐकला होता. काय खरं आहे ते त्या अख्ख्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं. पण दिवसा जे ठाऊक असतं ते अंधारात तसंच्या तसं राहत नाही. शपथ मोडली होती, आणि सकाळी माणूस मेला होता. हेही तिनं डोळ्यांनीच पाहिलं होतं.

आठ दिवस अडसर पडला आणि आठ दिवस पोर किंचाळून उठली. नवव्या दिवशी प्रयागनं ठरवलं की आवाजानं काळीज फुटण्यापेक्षा आपणच आधी उठवलेलं बरं, हळूच, मायेनं. सासूच्या खोलीत हालचाल व्हायच्या आत ती उठली आणि अंधारात चाचपडत पोरीच्या अंथरुणापाशी गेली. अंगाला हात लावून हलवणार, तोच तिला दिसलं की गोमी झोपलेली नाहीच. पोर डोळे सताड उघडे ठेवून दाराकडं बघत पडली होती. प्रयागनं तिच्या छातीवर हात ठेवला. आत काय चाललंय ते तिच्या हाताला लगेच ओळखू आलं, वीस वर्षं तो हात तेच तर मोजत आला होता. तिनं हात काढून घेतला.

"उठ बाई," ती म्हणाली. "आजी यायच्या आधी उठ."